सूर-सवाल: बोटं पळतात, पण गिटार गात का नाही?

या महिन्यातले प्रश्न वाचताना गंमत वाटली. कुठली गिटार घेऊ, कॉर्ड बदलताना बोटं अडकतात वगैरे नेहमीचं यावेळी जवळपास कोणीच विचारलेलं नाहीये, सगळे इलेक्ट्रिक गिटारवर लीड (म्हणजे कॉर्डवरची सुरावट, सोलो) वाजवायला लागलेत आणि सगळ्यांचं दुखणं थोड्याफार फरकाने सारखंच आहे. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतो.

प्रश्न: दादा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, दीड वर्षापासून इलेक्ट्रिक वाजवतोय. मायनर पेंटॅटोनिक या पाच स्वरांच्या स्केलचे पाचही बॉक्स (मानेवरचे बोटांचे ठरलेले आकार) पाठ आहेत, मेट्रोनोमवर 120 ला एका ठोक्यात चार स्वर क्लीन वाजतात, लिक्स (तयार छोट्या सुरावटी) पण बऱ्याच उचलल्यात. पण बॅकिंग ट्रॅक (मागे वाजणारी रेकॉर्डेड साथ) लावून स्वतःचं काही वाजवायला गेलो की रूममेट म्हणतो, "टायपिंगची परीक्षा आहे का?" नक्की काय चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

आधी रूममेटला चहा पाज, कान चांगला आहे त्याचा.

तुझं प्रकरण मला तोंडपाठ आहे कारण मी स्वतः हेच होतो. गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायचो, सोलोचे आठ बार (ठोक्यांचे गट) मिळाले की त्यात आठवड्याभराचा रियाज कोंबायचा, एवढंच डोक्यात. आमच्यात क्लॅरिनेटला एक काका होते, एरवी लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. एकदा इंटरव्हलला वडापाव खाता खाता म्हणाले, "काय रे, जीव गुदमरत नाही का तुझा?" मला काही कळेना. मग म्हणाले, "मला दर ओळीला श्वास घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पडेन. तुला घ्यावा लागत नाही म्हणून तू थांबतच नाहीस." वडापाव तसाच हातात राहिला माझ्या. लीड गिटारबद्दल मला कोणी सांगितलेलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य आहे ते, आणि सांगणाऱ्याने आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती.

तर पहिलं काम, गिटार खाली ठेव. बॅकिंग ट्रॅक लाव आणि नुसतं गुणगुण, आवाज कसा का असेना, मोबाईलवर रेकॉर्ड कर. मग ऐक. तू गुणगुणलेलं जे असेल ना त्यात आपोआप थांबे आलेले असतील, एखादा स्वर लांब धरलेला असेल, एखादी ओळ वर जाऊन खाली आली असेल, आणि गंमत म्हणजे तू पाठ केलेली एकही लिक त्यात नसेल. म्हणजे तुझ्या डोक्यात गाणं आहे, फक्त बोटांना ते माहीत नाहीये, बोटं त्यांच्या सवयीच्या रस्त्याने पळतायत. आता ती गुणगुणलेली एक ओळ, एकच, एका तारेवर शोध. बॉक्स विसर. बी तारेवर (सगळ्यात बारीक तारेच्या शेजारची) वर-खाली सरकत शोधायची, कारण एका तारेवर स्वर एका रेषेत लागतात, खालच्या स्वरापासून वरचा किती लांब आहे ते हाताला कळतं. बॉक्समध्ये सगळं बोटाखालीच असतं ना, म्हणून मोठी झेप आणि छोटी पायरी हाताला सारखीच वाटते. गाणाऱ्या गळ्याला ती तशी वाटत नाही.

दुसरं काम थोडं त्रासदायक आहे. ए मायनर, एफ, सी, जी अशा चार कॉर्डचा सावकाश ट्रॅक घे, 70 च्या आसपासचा. जी तारेवरचा (बारीक बाजूने तिसरी तार) पाचवा फ्रेट (मानेवरच्या पट्ट्यांमधली पाचवी जागा), म्हणजे सी, फक्त तो एक स्वर वाजव आणि चारही कॉर्ड सरकेपर्यंत धरून ठेव, विरला की परत वाजव. काय होतं बघ. ए मायनरवर तो उदास वाटतो कारण तिथे तो कोमल गंधार आहे. एफ आला की तोच स्वर पंचम होतो, मोकळा होतो. सीवर तर तो घरीच पोचला, षड्ज. आणि जी आला की अडकतो, खाली उतरायला बघतो, कारण तिथे तो मध्यम झालाय. आता नेमक्या त्या जी कॉर्डवर एक फ्रेट खाली ये, चौथ्यावर, बी स्वर. हा स्वर तुझ्या पाचही बॉक्समध्ये नाहीये! पण तिथे तो असा काही बसतो की अंगावर काटा येतो. बोट तू एकदाच हलवलंस, बाकी सगळं खालच्या कॉर्डने केलं. हे दहा मिनिटं केलंस तर कळेल की लोक ज्याला फील म्हणतात त्यातलं निम्मं "मी आत्ता कुठल्या कॉर्डवर उभा आहे" याचं भान असतं, त्यात दैवी वगैरे काही नाही.

मग तीन स्वर घे, सी, डी आणि ई, जी तारेचा पाचवा-सातवा फ्रेट आणि बी तारेचा पाचवा. आठवडाभर एवढेच. चौथा स्वर वाजवलास तर रूममेटला दहा रुपये द्यायचे. तीनच स्वर असले की माणूस नाइलाजाने बाकीच्या गोष्टींकडे वळतो, जोरात वाजवू का हळू, ठोक्यावर सुरू करू का ठोका जाऊ देऊन, लांबवू का तोडू. समेवर यायलाच पाहिजे असं नाही पण सम कुठे आहे ते माहीत पाहिजे.

आणि मधल्या जागेचं काय करायचं, तर आपल्याकडे पोवाडा ऐकलायस ना, शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी "जी जी रं जी" करून ती उचलतात. दोघं एकदम बोलत नाहीत. ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं गाणं, अगदी याच चालीने चालतं, बारा बारमधली ओळ दोनेक बारमध्ये गाऊन संपते आणि उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते. बी. बी. किंग (1925-2015) आयुष्यभर असेच वाजवत आले, गाताना गिटार गप्प, गाणं थांबलं की गिटार बोलणार. तू एकटा वाजवतोस म्हणजे तुला शाहीरही व्हायचंय आणि झीलकरीही. एक ओळ विचार, थांब, मग उत्तर दे. तो मधला "थांब" सुरुवातीला फार लांब वाटतो, आपल्याला वाटतं लोक उठून जातील. कोणी जात नाही.

लिक्स फेकून देऊ नकोस हां. फक्त त्या सुरुवातीला नको, शेवटी वापर.

प्रश्न: दादा मी अकरावीत आहे. बेंड (तार ओढून स्वर चढवणं) केला की बेसूर होतो, कधी कमी कधी जास्त, आणि तिसऱ्या बोटाला कापल्यासारखं होतं. व्हायब्रेटो (स्वर हलवणं) दिला की आई आतून विचारते मांजर आलंय का. काय करू?
– एक वाचिका, कोल्हापूर

आईला सांग, मांजर सुरात ओरडतं, मला अजून जमायचंय.

बघ, बेंडमध्ये बोटाचा जोर लावायचा नसतोच मुळी. तू बहुतेक एकटं तिसरं बोट वाकवून तार ढकलत असशील, त्यामुळेच कापतंय. तिसरं बोट स्वरावर, त्याच्या मागे त्याच तारेवर दुसरं आणि पहिलंही टेकव, अंगठा गिटारच्या मानेवरून थोडा वर येऊ दे, पहिल्या बोटाचं मूळ मानेच्या खालच्या कडेला टेकू दे, आणि मग मनगट फिरव. कुलपात किल्ली फिरवतो तसं. बोटं तशीच राहतात, सगळा हात फिरतो, तार आपोआप वर जाते. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटेल, चौथ्या दिवशी तू विचारशील की आधी मी काय करत होते.

आता सूर. बी तारेचा पाचवा फ्रेट वाजव, तो ई आहे, कानात धर. मग जी तारेचा सातवा फ्रेट, डी, तो ओढून बरोबर त्या ई पर्यंत न्यायचा. जमलं की दोन्ही तारा एकदम वाजव, बी तारेवर पहिलं बोट आणि जी तारेवर तिसरं, आणि तिसऱ्याने ओढत जा. सुरुवातीला दोन स्वर भांडतात, मग जवळ आले की "वाँव-वाँव-वाँव" अशी लाट ऐकू येते, जवळ जाशील तशी ती लाट सावकाश होत जाते आणि एका क्षणी थांबते. तानपुरा लावताना बघितलंयस कोणाला? हुबेहूब तेच. ती लाट थांबते तिथे तुझा बेंड सुरात आहे, ट्यूनर बघायची गरज नाही. रोज वीस वेळा, आणि घाई नको. थोडा डिस्टॉर्शन (फाटलेला आवाज) ठेवलास तर लाट जास्त स्पष्ट ऐकू येईल.

मग उलटं कर, आणि हे बहुतेक जण करतच नाहीत. तार आधी मुकाट्याने ओढून ठेव, मग वाजव, मग सोडत सोडत खाली ये. इथे आधी ऐकायला काहीच मिळत नाही, कितपत ओढायचं ते हाताला पाठ असावं लागतं. पण फ्रेटवर दाबलेली तार बेंडने फक्त वरच जाऊ शकते, त्यामुळे उतरती मींड हवी असेल तर हाच रस्ता. सतारवाले पण हेच करतात, त्यांची तार मात्र चार-पाच स्वर ओढली जाते, आपली दोन अर्ध्या पायऱ्या, फार फार तर तीन-चार.

व्हायब्रेटोबद्दल एकच सांगतो, स्वर लागल्या लागल्या हलवू नकोस. आधी सरळ धर, स्थिरावू दे, मग हलव, आणि हलवताना ठराविक लयीत हलव, दर वेळी खाली येताना मूळ स्वराला शिवून आली पाहिजे. मांजराचा आवाज येतो तो तू मूळ स्वराला परत येतच नाहीस म्हणून. वर कुठेतरी लोंबकळत राहतेस. (बी. बी. किंग पहिल्या बोटाच्या टोकावर अख्खा हात तोलून फडफडवायचे, अंगठा मानेपासून सुटलेला, फुलपाखरासारखा. व्हिडिओ बघ, पण नक्कल लगेच नको, आधी मनगटवाला जमू दे.)

आणि हो, बेंड करताना शेजारच्या तारा वाजून घाण आवाज येत असेल तर पहिल्या बोटाचं टोक वरच्या तारेला हलकंसं शिवलेलं असू दे, आणि जाड तारांवर उजव्या तळहाताची कड. स्वच्छ लीडचं बरंचसं काम नको त्या तारा गप्प ठेवण्याचं असतं.

प्रश्न: सर, पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरसारखा टोन हवाय, बजेट पंधरा हजार, कुठली पेडल्स (आवाज बदलणारी पायाखालची यंत्रं) घेऊ? फ्लॅटमध्ये राहतो, वॉल्यूम वाढवता येत नाही.
– एक वाचक, ठाणे

पंधरा हजार सहा महिने बँकेत ठेव.

चेष्टा नाही करत. त्याच्या आवाजात फझ (फाटका आवाज), डिले (प्रतिध्वनी) सगळं आहे, खरंय, पण ते काढून टाकलं तरी उरतो तो माणूस, कारण त्याचे बेंड सुरात असतात आणि तो घाई करत नाही. तुझ्याकडे जे आहे त्यात आधी हे कर: मानेकडचा पिकअप (तारेची थरथर टिपणारा भाग) निवड, तिथे तार जास्त रुंद हलते म्हणून आवाज गोल आणि भरलेला येतो. टोनची नॉब पूर्ण उघडी असेल तर थोडी बंद कर. गेन (आवाज किती फाटावा ते) तुला वाटतोय त्यापेक्षा कमी ठेव. जास्त गेनवर सगळे स्वर एकाच उंचीचे होतात, पिक हळू मारलं काय आणि जोरात मारलं काय, फरकच संपतो, आणि तो फरक गेला की बोलायला उरलं काय?

वॉल्यूमची नॉब हे फुकटचं पेडल आहे. शून्यावर ठेव, तार वाजव, करंगळीने हळूच उघड, व्हायोलिनच्या गजासारखा स्वर उगवतो. स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या गिटारवर ती नॉब करंगळीच्या टप्प्यात असतेच. ब्रिटिश गिटारिस्ट जेफ बेक (2023 मध्ये गेला) तर पिक सोडून नुसत्या बोटांनी वाजवायचा, अंगठ्याने तार छेडता छेडता तीच नॉब आणि व्हॅमी बार (स्वर वर-खाली करायची दांडी) चालू असायचा. त्याच्या एकेका स्वराला सुरुवात, मध्य, शेवट असायचा.

डिले घ्यायचाच झाला तर त्याची वेळ गाण्याच्या लयीत लाव. 60,000 ला टेम्पोने भाग, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. 80 च्या गाण्याला 750, त्याचं निम्मं 375. अंदाजे लावलेला डिले म्हणजे मागच्या बाकावरचा चुकीचं उत्तर सांगणारा मुलगा.

फ्लॅटसाठी हेडफोन अॅम्प पुरे, शेजाऱ्यांशी संबंध पण टिकतील.

प्रश्न: नमस्कार. मी 58 वर्षांचा आहे. लहानपणी रेडिओवर हवाईयन गिटारवर वाजवलेली हिंदी गाणी लागायची, वडील काम थांबवून ऐकायचे. ती गिटार अक्षरशः गायची. मुलाने घरी इलेक्ट्रिक गिटार ठेवली आहे आणि तो पुण्यात नोकरीला गेला. या गिटारवर ते होईल का? या वयात होईल का?
– एक वाचक, सोलापूर

काका, तुमचं पत्र वाचून बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले होते.

तुम्ही ज्या आवाजाबद्दल म्हणताय तो ऐकायला गायल्यासारखा वाटतो कारण त्यात फ्रेटचा संबंधच नसतो. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी दांडी, ती तारेवरून घसरते त्यामुळे एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मधली सगळी जागा ऐकू येते. गळा तसाच जातो. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूला या पद्धतीचं श्रेय देतात. आणि तुमच्या मुलाच्या गिटारीशी याचं नातं जवळचं आहे, 1932 मध्ये रिकनबॅकरची जी इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली, जिला तव्यासारख्या आकारामुळे फ्राइंग पॅन म्हणतात, ती मांडीवर घेऊन वाजवायची हवाईयन गिटारच होती. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारने पहिला गळा काढला तो हवाईयन ढंगात. आपल्याकडे व्हॅन शिप्ली, सुनील गांगुली यांनी फिल्मी गाणी त्यावर घराघरात नेली, आणि ब्रिजभूषण काबरांनी तर अली अकबर खाँसाहेबांकडे शिकून रागदारी आणली, 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची गिटार त्यांचीच.

मुलाच्या गिटारवर होईल का, तर होईल, थोडं वेगळ्या तऱ्हेने. काचेची किंवा धातूची स्लाइड मिळते, छोट्या नळीसारखी, ती करंगळीत किंवा तिच्या शेजारच्या बोटात घालायची. तार दाबायची नाही, नुसतं टेकवायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे स्लाइड दोन फ्रेटच्या मधे ठेवायची नाही, फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोब्बर वर आली पाहिजे, तिथेच सूर आहे. बाकीची बोटं स्लाइडच्या मागे तारांवर हलकी पसरून ठेवा नाहीतर खरखर येते. तारा फ्रेटला आपटत असतील तर दुकानात थोड्या उंच करून मागा. मुलाला आधी विचारा मात्र, परत येऊन ओरडेल.

वयाचं म्हणाल तर वेगवान वाजवायला वय आडवं येतं थोडंफार, इथे वेग लागतच नाही. तुम्हाला गाणी पाठ आहेत, शब्दांसकट, हे तुमचं भांडवल आहे आणि ते वरच्या नाशिकच्या मुलाकडे नाहीये. एक मुखडा घ्या, शब्द मनात म्हणत वाजवा, जिथे शब्द तुटतो तिथे स्लाइड उचलायची, जिथे अक्षर लांबतं तिथे घसरायचं. जोडाक्षर आलं की छोटा झटका. शब्द मनात चालू असले की वाक्य कुठे संपतं ते वेगळं शिकावं लागत नाही.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते, लहानपणी पेटी आणि गाणं शिकले होते, आता मुलाबरोबर गिटार क्लासला बसते. सरगम येते, पण टीचर सांगतो ते स्केलचं इंग्लिश डोक्यात जात नाही. जुनं काही उपयोगी पडेल का?
– एक वाचिका

ताई, तुम्ही क्लासमध्ये सगळ्यांच्या पुढे आहात, टीचरला फक्त कळलं नाहीये.

मेजर पेंटॅटोनिक म्हणजे भूप, सा रे ग प ध. तेच पाच स्वर ठेवून धैवताला सा माना, मायनर पेंटॅटोनिक तयार, म्हणजे आपला धानी, सा ग म प नी, ग आणि नी कोमल. झालं. सी चा भूप आणि ए चा धानी एकाच बॉक्समध्ये, मुलाला पण असंच सांगा.

कण म्हणजे हॅमर-ऑन (पिक न मारता बोट आपटून स्वर काढणं), खटका-मुरकी म्हणजे हॅमर आणि पुल-ऑफ (बोट खेचून काढणं) पटकन, मींड म्हणजे बेंड किंवा स्लाइड. पेटीवर मींड येत नाही म्हणून तुम्ही जी हळहळ केली असेल ती आता भरून काढा. आणि एक मजा, ब्लूजवाले कोमल गंधार वाजवताना तार जराशीच वर ओढतात, शुद्धपर्यंत नाही, कुठेतरी मधे. क्लासमधली अमेरिकन मुलं ते आठवडेच्या आठवडे शोधत बसतात. तुम्ही दरबारीचा गंधार ऐकत वाढलात, तो खाली झुकतो आणि हा वर, पण स्वराला पट्टीवर न ठेवता थोडा हलता ठेवायचा असतो हे तुमच्या कानाला सांगावं लागणार नाही.

राग वाजवायचा हट्ट मात्र पहिल्याच महिन्यात धरू नका, मागे कॉर्ड बदलत असताना राग सांभाळणं हे वेगळंच प्रकरण आहे, त्यावर पुढे कधीतरी.

प्रश्न: तारा 9 च्या लावू का 10 च्या? आणि पावसाळ्यात महिन्यात गंजतात, उपाय?
– एक वाचक, रत्नागिरी

बेंड शिकत असाल तर 9 ते 42 चा सेट (हे आकडे तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात). जाड तारेने टोन येतो म्हणून लोक ब्लूजवाल्या स्टीव्ही रे वॉनचं नाव घेतात, तो 13 ची पहिली तार लावायचा, पण तो गिटार अर्धा स्वर उतरवून लावायचा हे सांगत नाहीत. उलट झीझी टॉपचा बिली गिबन्स 7 च्या तारांवर वाजवतो आणि त्याचा टोन काही बारीक नाहीये.

गंजाचं म्हणाल तर वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची, खालून पुसायला लोक विसरतात आणि घाम तिथेच बसतो. गिटार भिंतीला टांगून ठेवू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून ठेवा. कोटिंगवाल्या तारा महाग पडतात पण कोकणात परवडतात. आणि तार गंजलेली असेल तर आजच बदला, गंजलेल्या तारेवर बेंड केला की बोटाची साल तर निघतेच, वर ती तार सुरातही राहत नाही आणि तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देत बसाल.